वेगवान आलिशान मोटार : व्यवहार आणि व्रत या दोन्ही दृष्टींनी एक विचार

प्रश्नाचे स्वरूप

मोटार ही आता केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. व्यापाऱ्याच्या घरी तर ती तराजूइतकीच नित्याची झाली आहे. यास्तव मोटार असावी की नसावी, हा वाद आम्हांस येथे घालावयाचा नाही. चार दारांची, लांबरुंद, मागे बसणाऱ्यास सुखाने पाय पसरता यावेत अशी उंची मोटार ज्यांस परवडते त्यांनी ती घ्यावी की नाही, हाही प्रस्तुत प्रश्न नव्हे. प्रश्न त्यापुढचा आहे. अशा उंची मोटारीची एक विशेष वेगवान आवृत्ती तिचे कारखानदार काढीत असतात. बाहेरून ती बहुतांशी तशीच दिसते. परंतु आत दुप्पट किंवा त्याहूनही अधिक शक्ती असते, आणि किंमतही त्याच मानाने चढलेली असते. या वाढीव शक्तीचा घेणाऱ्यास खरोखर काही उपयोग आहे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न पेडणे व डिचोली तालुक्यांतील आपल्या सभासद-कुटुंबांपुढे आजच का यावा, याचे कारण उघड आहे. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झाले आणि 5 जानेवारी 2023 पासून तेथून विमाने उडू लागली. राष्ट्रीय महामार्ग 66 वरून धारगळहून विमानतळाकडे जाणारा नवा रुंद जोडरस्ता 2024 साली खुला झाला. पेडण्यात जमिनीस भाव आला. इकडे डिचोलीत 2018 पासून बंद पडलेले खाणकाम 2024 च्या एप्रिल महिन्यात पुन्हा सुरू झाले. हाती आलेला पैसा, समोर रुंद रस्ता आणि घरात विशीतला मुलगा, ही तीन जेथे एकत्र येतात तेथे वेगवान मोटारीची गोष्ट निघणारच. ती निघाली असता घरातील वडीलधाऱ्यांनी नुसते 'नको' म्हणून भागत नाही. हिशेब मांडून दाखवावा लागतो. तो मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

या मोटारींचा उगम

कोणतीही वस्तू प्रथम निघते तेव्हा बहुधा काही कारणानेच निघते. ते कारण समजल्यावाचून तिची निंदा करणे व्यापाऱ्यास शोभत नाही. म्हणून आधी थोडा इतिहास पाहू.

पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या दशकात येथील लोहखनिजाचा व्यापार वाढला, त्या काळी युरोपातील मोटारी गोव्यात सहज येत. मर्सिडीज गाडी तर येथे टॅक्सी म्हणूनही धावत असे, ही गोष्ट जुन्या मंडळींस ठाऊक आहे. त्या काळच्या डिझेलवर चालणाऱ्या 180 डी या मर्सिडीजची शक्ती सुमारे 40 अश्वशक्ती एवढीच होती. आज सामान्य घरातील लहान मोटारीतही याहून अधिक शक्ती असते. तरीही त्या गाड्यांचा लौकिक मोठा होता, आणि तो वेगाचा नव्हता, टिकाऊपणाचा होता. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि भारताचे कडक आयात-धोरण येथेही लागू झाले, तेव्हा नव्या परदेशी गाड्या दुर्मिळ झाल्या व असलेल्या गाड्यांवरच लोकांनी काम भागविले.

याच सुमारास जर्मनीत निराळी चक्रे फिरत होती. तेथील महामार्गांवर मोकळ्या भागात वेगाला कायद्याचे बंधन नाही. ताशी 130 किलोमीटर हा केवळ सल्ला आहे. अशा देशात लांब पल्ल्याचा प्रवास करणाऱ्या गृहस्थास मोठी मोटार हवी असे, परंतु मोठी मोटार जड आणि त्यामुळे संथ असे. आणि वेगाची मोटार घ्यावी तर ती दोन माणसांची, अडचणीची. ही दोन कामे एकाच गाडीने व्हावीत या हेतूने मर्सिडीजचे अभियंते एरिक वाक्सेनबर्गर यांनी राजेरजवाड्यांसाठी बनणाऱ्या 600 या प्रचंड गाडीचे 6.3 लिटरचे इंजिन त्याहून लहान अशा 300 एसईएल या गाडीत बसविले. 1968 साली ही गाडी विक्रीस आली. थांबलेल्या स्थितीतून ताशी 100 किलोमीटरचा वेग ती सुमारे साडेसहा सेकंदांत घेई. त्या काळी ही नवलाची गोष्ट होती. 1972 पर्यंत अशा 6,526 गाड्या बनल्या. पुढे 1985 साली बीएमडब्ल्यू कंपनीने एम 5 ही गाडी काढली. तिची शक्ती 286 अश्वशक्ती, वजन सुमारे 1,430 किलो, आणि शंभराचा वेग घेण्यास लागणारा काळ पुन्हा साडेसहा सेकंदांच्याच आसपास.

तेव्हा ज्या देशात व ज्या काळात या गाड्या निघाल्या तेथे त्यांस अर्थ होता, हे मान्य केले पाहिजे. रस्ता मोकळा होता, साध्या गाड्या मंद होत्या, आणि एका गाडीत दोन गाड्यांचे काम होत होते.

आज साधी गाडी कोठे पोहोचली आहे?

आता आजच्या साध्या आवृत्तीकडे पाहू. मर्सिडीजची एस 350 डी ही डिझेलवरील मोटार पुण्याजवळ चाकण येथील कारखान्यात जुळवून 2021 साली भारतात विक्रीस आली. ती शंभराचा वेग 6.4 सेकंदांत घेते. बीएमडब्ल्यूची 530 एलआय ही चेन्नई येथे जुळविलेली मोटार 2024 साली आली, तिला 6.5 सेकंद लागतात. म्हणजे 1968 साली ज्या वेगाने जगास थक्क केले, 1985 साली ज्यासाठी खास आवृत्ती काढावी लागली, तोच वेग आज त्या त्या घराण्याच्या साध्या गाडीत, कोणी न मागता, मिळत आहे. आमच्या मते या सर्व विषयाची किल्ली या एका गोष्टीत आहे. विशेष आवृत्ती ज्या उणिवेसाठी जन्मली ती उणीवच आता उरलेली नाही.

उणीव संपली तरी आवृत्ती मात्र थांबली नाही. ती आणखी पुढे गेली. 2024 साली भारतात आलेल्या नव्या एम 5 ची शक्ती 727 अश्वशक्ती आहे. मर्सिडीजच्या एस 63 या त्याच वर्षी आलेल्या गाडीची 802. पहिली शंभराचा वेग साडेतीन सेकंदांत घेते, दुसरी 3.3 सेकंदांत. ही शक्ती पेट्रोलचे इंजिन व विजेची मोटर अशा जोडीने मिळते, आणि त्या जोडीचे वजन गाडीस वाहावे लागते. नव्या एम 5 चे वजन 2,435 किलो आहे. म्हणजे 1985 च्या गाडीहून सुमारे एक टन अधिक. धान्याच्या भाषेत बोलावयाचे तर 50 किलोंची वीस पोती गाडीवर कायमची लादलेली आहेत, आणि ती कधीच उतरावयाची नाहीत. एस 63 मध्ये विजेची बॅटरी मागे बसविल्यामुळे डिकीत केवळ 305 लिटरची जागा उरते. एवढ्या मोठ्या गाडीतून कुटुंब चार दिवसांच्या यात्रेस निघाले तर सामान ठेवावे कोठे, हा प्रश्न पडतो. आणखी एक मौज अशी की, येथे मिळणारी 530 एलआय ही लांब बांधणीची आहे, एम 5 तशी नाही. तेव्हा अधिक पैसे मोजून मागच्या आसनावरील माणसास पाय पसरावयास जागा कमी मिळते.

तांदळाचे उदाहरण येथे चपखल बसते. भात सडल्यावर तांदळास थोडे पॉलिश दिले तर तो दिसावयास चांगला होतो व गिऱ्हाईक दोन पैसे अधिक देते. परंतु पॉलिश देतच राहिले तर कणी वाढते, वजन घटते, दाण्याचे सत्त्व कोंड्यात जाते आणि उरलेल्या पांढऱ्या दाण्यास भाव मात्र चढा मागावा लागतो. प्रत्येक सुधारणेस एक मर्यादा असते. त्या मर्यादेपलीकडे तीच क्रिया वस्तूचे मूळ गुण खाऊ लागते. मोठ्या मोटारीचे मूळ गुण म्हणजे आराम, जागा, शांतता आणि सुरक्षितता. वेगाची आवृत्ती आता हे गुण वाढवीत नाही. काही बाबतीत ती ते कमी करते.

जमाखर्च

आता खतावणी उघडू. 2024 साली बाजारात येताना 530 एलआय या गाडीची शोरूम किंमत 72 लाख 90 हजार रुपये होती आणि एम 5 ची 1 कोटी 99 लाख. फरक 1 कोटी 26 लाख 10 हजारांचा. या फरकाबद्दल वेगात मिळाले काय, तर शंभरापर्यंत पोहोचण्यात तीन सेकंदांची बचत. एका सेकंदास 42 लाख रुपये पडले. वाचलेल्या त्या सेकंदांत कोणता सौदा होणार आहे?

हा फरक कमी करून सव्वा कोटी धरू आणि त्यावर शेकडा 7 दराने सरळ व्याज आकारू. वर्षास पावणेनऊ लाख रुपये होतात. उकडा तांदूळ किलोस 50 रुपये भावाने धरला तर 50 किलोंची साडेतीनशे पोती. म्हणजे ती गाडी दारात नुसती उभी राहिली तरी दर वर्षी साडेतीनशे पोती खाते. त्यात विमा, टायर, पेट्रोल व दुरुस्ती आम्ही धरलेली नाही. शिवाय हा हिशेब बँकेत ठेवलेल्या पैशाचा आहे. तोच पैसा वखारीत मालाच्या रूपाने असता तर वर्षातून अनेक वेळा फिरला असता.

कराच्या बाजूने काही परत मिळेल, अशी समजूत असल्यास तीही तपासून पाहावी. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या मोटारींवर वस्तू व सेवा कर शेकडा 40 आहे. धान्याच्या व्यापाऱ्याने असा कर भरला तरी त्याची वजावट त्यास मिळत नाही. मोटारींची विक्री, उतारूंची वाहतूक किंवा मोटार चालविण्याचे शिक्षण हाच ज्यांचा धंदा आहे त्यांस ती मिळते. तेरापर्यंत आसनांच्या गाडीवर इतरांस कायद्यानेच मनाई आहे. प्राप्तिकरात मोटारीवर घटत्या शिलकेच्या पद्धतीने शेकडा 15 घसारा मिळतो, तोही धंद्यासाठी वापर असेल तेवढाच. याप्रमाणे 1 कोटी 99 लाखांची गाडी तीन वर्षांनी वहीत सुमारे 1 कोटी 22 लाखांवर येते. घसाऱ्याने कर थोडा वाचतो, हे खरे; परंतु रुपया घालवून त्यातील काही आणे कराच्या रूपाने वाचविणे यास नफा म्हणत नाहीत.

डिचोलीच्या वाचकांस याहून जवळचा दाखला देता येईल. या शतकाच्या पहिल्या दशकात चीनची मागणी वाढली, खनिजास भाव आला आणि घरोघरी कर्जाने ट्रक आले. 2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. मध्यंतरी त्या काही काळ चालल्या, आणि 7 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविल्यावर मार्चपासून पुन्हा बंद झाल्या. ट्रक हे कमावते वाहन होते. तरी फेरी बंद होताच ते अंगणात उभे राहिले आणि हप्ते मात्र चालूच राहिले. जे वाहन कमावण्यासाठी घेतले त्याने जर घरास एवढा ताण दिला, तर जे कधीच कमावणार नाही त्यावर तेजीच्या दिवसांत भांडवल अडकविताना किती विचार हवा! तेजीच्या मागोमाग मंदी येते हे धान्याच्या बाजारात आम्ही मुलांस शिकवितो. जमिनीच्या पैशास तो नियम लागू नाही, असे मानण्यास आधार नाही. शेताचा तुकडा तर एकदाच विकला जातो.

पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

वेगवान आवृत्तीच्या बाजूने जी चार कारणे सांगितली जातात ती प्रामाणिकपणे मांडून त्यांचा विचार करू.

पहिले कारण असे की, शक्ती हाताशी असेल तर पुढच्या वाहनास ओलांडणे सुरक्षित होते. यात तथ्य आहे; चाळीस अश्वशक्तीच्या जुन्या गाडीपुरते ते फार मोठे तथ्य होते. परंतु साडेसहा सेकंदांत शंभर गाठणाऱ्या गाडीस जेथे ओलांडण्यास वाव नाही तेथे साडेतीन सेकंदांच्या गाडीनेही धाडस करू नये. डिचोली-साखळी रस्त्यावर किंवा चोर्ल्याच्या घाटात अडचण इंजिनाची नसते, नजरेची असते. वळणापलीकडून काय येत आहे हे 727 अश्वशक्तीने दिसत नाही.

दुसरे कारण असे की, या गाड्यांस ब्रेक व चाके अधिक चांगली असतात. असतात, आणि ती असावीच लागतात. कारण वजनही अधिक असते. परंतु गाडी अखेर थांबते ती टायर व रस्ता यांच्या पकडीने. माणसास धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला असे धरले तर ताशी 60 किलोमीटर वेगात गाडी 25 मीटर पुढे गेलेली असते, ताशी 100 वर जवळजवळ 42 मीटर. वेग दुप्पट झाला की गाडीच्या अंगातील जोर चौपट होतो. हे गणित जर्मनीत आणि पेडण्यात सारखेच आहे. पावसाळ्यात तांबड्या चिखलाने माखलेला रस्ता आणि रात्री रस्त्यावर बसलेली गुरे यांस गाडीची किंमत समजत नाही.

तिसरे कारण पतीचे. मोठ्या गाडीने बाजारात वजन राहते, असे म्हणतात. आमचा अनुभव असा की, धान्याच्या बाजारात पत ठरते ती हुंडी वेळेवर सुटण्याने, मापात खोट नसण्याने आणि दिलेला शब्द भाव चढल्यावरही पाळण्याने. दारातील गाडी पाहून माल उधार देणारा आडत्या आम्हांस अद्याप भेटलेला नाही; उलट नवी भारी गाडी पाहून वसुलीची घाई करणारे मात्र पाहिले आहेत.

चौथे कारण सर्वांत प्रामाणिक आहे : ती आवडते म्हणून. उत्तम यंत्र चालविण्यात आनंद आहे, आणि तो हिशेबात मांडता येत नाही. यास आमचा विरोध नाही. परंतु तो आनंद घ्यावयाचा कोठे? केंद्र सरकारने 2018 साली काढलेल्या अधिसूचनेत देशातील सर्वांत मोकळ्या द्रुतगती मार्गांसाठीही कमाल वेग ताशी 120 किलोमीटर धरला होता. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीस 100 ची मर्यादा आहे, घाटात त्याहून बरीच कमी. साडेतीन सेकंदांत जी गाडी शंभरावर जाते तिची सार्वजनिक रस्त्यावरील करमणूक चौथ्या सेकंदास संपते. उरलेली शक्ती आयुष्यभर कोंडून ठेवावी लागते, नाही तर कायदा मोडावा लागतो. खुद्द जर्मन कारखानदार यांतील बहुतेक गाड्यांस ताशी 250 ची बेडी घालूनच विकतात. ज्यास वेगाची खरी हौस आहे त्याने कोइंबतूरजवळील करी मोटर स्पीडवे किंवा ग्रेटर नोएडा येथील 2011 साली सुरू झालेले बुद्ध सर्किट यांसारख्या धावपट्टीवर, शिक्षकाच्या देखरेखीखाली ती भागवावी. मात्र तेथे गेल्यावर त्याच्या ध्यानात येईल की, अडीच टनांची आरामगाडी त्या कामासही फारशी सोयीची नाही.

वेग स्वस्त होत आहे

येथवर आम्ही पैशाचे बोललो. परंतु हा प्रश्न पैशाचा आहे तोपर्यंत सोपा आहे. कारण ज्यास परवडत नाही तो घेत नाही. खरी काळजी पुढची आहे. विजेच्या मोटारींनी वेग स्वस्त केला आहे. 2024 च्या मार्चमध्ये चीनच्या बीवायडी कंपनीची सील नावाची मोटार भारतात आली. तिची सर्वांत वेगवान आवृत्ती 53 लाखांस मिळे, आणि ती शंभराचा वेग 3.8 सेकंदांत घेते. दोन कोटींच्या गाडीत आणि हीत फरक एका सेकंदाहूनही कमी. याचा एक अर्थ असा की, केवळ वेगासाठी दोन कोटी देण्यात आता मिरविण्यासारखेही फारसे उरले नाही. दुसरा अर्थ असा की, काल जो वेग फक्त लक्षाधीशांच्या मुलांच्या हाती पडे तो उद्या पुष्कळ घरांतील मुलांच्या हाती पडेल. किंमतीचे कुंपण गेल्यावर शिस्तीचे कुंपण आपणांसच घालावे लागेल.

19 मे 2024 रोजी पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे जे घडले ते सर्वांनी वृत्तपत्रांत वाचले आहे. पोर्श टायकान ही विजेवरील अतिवेगवान चार दारांची मोटार; चालविणारा सतरा वर्षांचा मुलगा, असे पोलिसांनी नोंदविले; आणि दुचाकीवरून जाणारे एक तरुण व एक तरुणी, दोघेही अभियंते, जागीच ठार. त्या गाडीची कायम नोंदणीही झालेली नव्हती, कारण 1,758 रुपये शुल्क भरावयाचे राहिले होते. व्यापाऱ्याच्या मनास हा आकडा फार लागतो. कोट्यवधींची वस्तू घरात आली, आणि तिच्याबरोबर जी किरकोळ कर्तव्ये येतात ती करावयास कोणास सवड झाली नाही. आपल्या गोव्यातही 6 ऑगस्ट 2023 रोजी बाणस्तारीच्या पुलावर एका आलिशान मोटारीची धडक इतर वाहनांस बसून तीन माणसे मृत्युमुखी पडली. मेलेली माणसे कोणाची तरी आईबाप, मुलेबाळे होती. अशा वेळी गाडी किती सेकंदांत शंभरावर जाते याचा कोणास अभिमान राहील?

कायद्याने आता घरातील मोठ्या माणसांवरही जबाबदारी टाकली आहे. 2019 साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. आपणांस ठाऊक नव्हते, किंवा आपण ते टाळण्याची योग्य ती खबरदारी घेतली होती, हे त्यानेच सिद्ध करावयाचे असते. तसे न झाल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. तिजोरीची किल्ली आपण खुंटीवर टांगून ठेवीत नाही. मोटारीची मात्र सर्रास ठेवतो.

शास्त्रदृष्टी

आपल्या शास्त्रकारांनी मोटार पाहिली नव्हती, परंतु मोटारीपाठीमागचे मन त्यांस चांगले ठाऊक होते. श्रावकाच्या पाच अणुव्रतांत परिग्रहाचे परिमाण हे एक. बाह्य परिग्रहाचे जे दहा प्रकार दिगंबर परंपरेत सांगतात त्यांत शेत, घर, धन यांबरोबर धान्य आहे, तसेच यान म्हणजे वाहनही आहे. वाहन ठेवू नका असे गृहस्थास सांगितलेले नाही. त्याची मर्यादा आपण होऊन ठरवा, एवढेच सांगितले आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात या व्रताचे जे अतिचार गणले आहेत त्यांत अतिवाहन आहे, आणि विस्मयही आहे. अतिवाहन म्हणजे लोभाने वाहन प्रमाणाबाहेर दामटणे. विस्मय म्हणजे दुसऱ्याचे वैभव वा नफा पाहून आपले चित्त खळबळणे. वेगवान आलिशान मोटार या दोन्ही वाटांनी घरात येते. प्रथम शेजाऱ्याची पाहून विस्मय, मग आपली आल्यावर अतिवाहन.

याशिवाय तीन गुणव्रतांत अनर्थदंड-विरती आहे. ज्या कृतीपासून प्रयोजन काहीच साधत नाही, परंतु जीवांस पीडा मात्र होते, ती टाळणे म्हणजे अनर्थदंडापासून विरत होणे. धान्य भरून ट्रक घाट उतरतो तेव्हाही जीवहिंसा होते. परंतु तेथे उपजीविकेचे प्रयोजन आहे, म्हणून यत्नाचार ठेवून गृहस्थ ते करतो. पावसाळ्याच्या रात्री रस्त्यावर बेडूक, साप, कुत्री, वासरे असताना केवळ तीन सेकंद वाचविण्यासाठी वेग घेणे यात प्रयोजन कोणते? मुनींस चार हात भूमी पाहून पाऊल टाकावयास सांगितले आहे. गृहस्थाच्या गाडीस तोच नियम लावावयाचा तर त्याचे भाषांतर सोपे आहे : जेवढा रस्ता दिव्यांच्या प्रकाशात स्वच्छ दिसतो तेवढ्यात थांबता येईल, इतकाच वेग.

निष्कर्ष आणि काही व्यावहारिक सूचना

आमचा निष्कर्ष असा. मोठ्या आलिशान मोटारीची वेगवान आवृत्ती 1968 साली किंवा 1985 साली, जर्मनीच्या मोकळ्या महामार्गावर, अर्थपूर्ण होती. आजही जो स्वतः गाडी चालवितो, जो कर्ज काढीत नाही, ज्याचा पैसा धंद्यातून मोकळा झालेला आहे, जो धावपट्टीवर जाण्याचे कष्ट घेतो आणि ज्याच्या घरी ती किल्ली दुसऱ्या कोणाच्या हाती पडत नाही, त्याने हौस म्हणून ती घेतली तर तो त्याचा प्रश्न. परंतु पेडणे-डिचोलीच्या व्यापारी कुटुंबास वाहन म्हणून तिचा उपयोग नाही. उंची गाडी घ्यावयाचीच असेल तर साधी आवृत्ती घ्यावी. आराम, जागा आणि सुरक्षिततेची साधने तीतही आहेत, आणि वेग तर गरजेहून अधिकच आहे.

यास अनुसरून काही सूचना कराव्याशा वाटतात :

1. गाडी पसंत करण्यापूर्वी दोन आवृत्त्यांतील फरकाचे एक वर्षाचे व्याज काढून ते आपल्या मालाच्या पोत्यांत मोजावे. तो आकडा घरातील सर्वांस, मुलांसही, दाखवावा.

2. अधिक पैसे द्यावयाचेच असतील तर ते उत्तम टायर, वेळेवर बदललेले ब्रेक, चांगले दिवे आणि अनुभवी चालक यांवर द्यावेत. चालकास पुरेशी झोप मिळेल अशी व्यवस्था ठेवणे हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

3. मागच्या आसनावरही पट्टा बांधावा. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात मोटारीच्या अपघातात सुप्रसिद्ध उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. मागे बसलेल्यांनी पट्टे लावलेले नव्हते, असे तपासात पुढे आले. गाडी उत्तम होती.

4. अठरा वर्षे पूर्ण होऊन परवाना हाती येईपर्यंत घरातील कोणाही मुलामुलीस किल्ली देऊ नये, अंगणातल्या अंगणातही नाही. परवाना मिळाल्यावरही पहिली दोन वर्षे कमी शक्तीची गाडी द्यावी. अनेक नव्या गाड्यांत वेगाची मर्यादा बांधून ठेवण्याची सोय असते. ती विक्रेत्याकडून समजून घेऊन वापरावी.

5. नोंदणी, विमा व कर यांची सर्व कागदपत्रे पूर्ण झाल्याखेरीज गाडी रस्त्यावर आणू नये.

शेवटी एक विनंती. दिवाळीस आपण वहीपूजन करतो आणि नव्या खतावणीचे पहिले पान शुभचिन्हाने उघडतो. पर्युषणात तसेच दशलक्षण पर्वात काही कुटुंबे परिग्रहाचे परिमाण लिहून ठेवतात. त्या यादीत शेत, घर, सोने यांच्या शेजारी या वर्षापासून 'यान' हेही एक सदर घालावे : घरात वाहने किती असावीत, कोणत्या किंमतीपर्यंतची असावीत, आणि ती कोणी, कोणत्या वेगाने चालवावीत. ही ओळ घरातील तरुण मुलाच्याच हस्ताक्षरात लिहून घ्यावी. आपण लिहिलेली मर्यादा माणूस लवकर मोडीत नाही.